सोनेरी घोडीचा जवस

पशुखाद्याच्या दुकानातल्या रांगेत शाळकरी पोरीने कान टवकारले, कारण पुढच्या काका-काकूंची मस्त जुंपली होती.

"घोडी कशी सोन्यासारखी झळकतेय! सगळी जवसाची किमया."

"शिवाय रोज खरारा, दुपारी सावली. माझं एवढं कौतुक केलंत कधी?"

"अगं, उन्हानं रंग उडतो तिचा. रविवारी स्पर्धा आहे ना!"

"तिथे लगाम धरून तिच्याबरोबर पळणार कोण?"

"मीच की!"

"या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी? डॉक्टरांनी जवस तुम्हाला खायला सांगितला होता. तुम्ही सगळा तिलाच चारलात!"

काकू दुकानदाराकडे वळल्या.

"भाऊ, जवस दुप्पट द्या. आणि तोंडाला बांधायचा एक तोबरा."

"अगं, घोडीला आहे की तोबरा!"

"घोडीसाठी कोण मागतंय?"