खुंट्याने टाच उचलली

...नाही नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा! सकाळपासून आमची अर्धी गल्ली हसतेय आणि उरलेली अर्धी बोलत नाहीये. शिंपी आहे मी, पण माझ्याकडे शिवायला टाकलेलं कापड लोक न शिवताच परत घेऊन गेले! का? तर काल मी रस्सीखेच हरलो. अहो, पण बापाने काय करायचं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, आमची वरची गल्ली आणि ती खालची गल्ली, वर्षभर एकमेकींच्या कुरापती काढणार आणि उत्सवाच्या दिवशी मधल्या मैदानात दोर ओढणार. दोराच्या शेवटी कमरेला वेढा घालून जो पाय रोवतो, तो खुंटा. आमचा खुंटा मी. बैठं काम, वजन भरपूर! मी खुंटा झाल्यापासून वरची गल्ली हरलेली नाही, एकदाही नाही! आणि रीत अशी, की दोन्ही गल्ल्यांनी बदामाच्या वडीचं ताट झाकून आणायचं. जी हरेल तिचं ताट तिथेच उघडायचं, जिंकणाऱ्यांनी ते खायचं आणि खाता खाता नावं ठेवायची, चांगली मोठ्याने! जिंकणाऱ्यांचं ताट मात्र झाकलेलंच घरी जातं.

आता यात माझं काय अडलं? अडलं असं, की माझ्या लेकीने लग्न केलं ते नेमकं खालच्या गल्लीत.

काल सकाळी मागच्या दाराने आली, डोळे लाल. "बाबा, वडी बिघडली."

"बिघडली म्हणजे?"

"पाक पुढे गेला... दगड झालाय दगड! कापताना सुरी वाकली."

म्हटलं, दुसरी कर! तर म्हणे, "सासूबाईंनी गल्लीच्या ताटावर फडकं बांधूनसुद्धा टाकलं! यंदा पहिल्यांदा माझ्या हातात कढई दिली त्यांनी, आणि गल्लीभर सांगत सुटल्यात, आमच्या सुनेच्या हातची वडी, आमच्या सुनेच्या हातची वडी! बाबा, तुम्ही जिंकलात की ते ताट सगळ्यांसमोर उघडणार. मला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल हो!" आणि मग हळूच, "बाबा... हरा ना यंदा. आणि आईला यातलं काही सांगू नका हं." बापाने काय करायचं, तुम्हीच सांगा!

बरं, हरणं सोपं वाटतं का तुम्हाला? दोर ताणला गेला, कमरेला असा काच बसला की श्वास अडकला. पुढे आमचा गॅरेजवाला, हाताची सालटं निघालेली, मागे वळून ओरडतोय, "खुंट्या, दाब! आणखी थोडं, आलेच ते!" आणि खरंच येत होते हो! खालचे एकेक पाऊल घसरत होते, दोराच्या मध्यावर बांधलेलं फडकं रेषेवर येऊन थरथरत होतं, आणि दोराच्या पलीकडे, बायकांच्या घोळक्यात, माझी पोर पदर तोंडात धरून उभी... मी डोळे मिटले. आणि टाच उचलली. एवढीशी! पण खुंटा हलला की दोर कसला थांबतोय? आख्खी वरची गल्ली तोंडावर, सगळ्यांत वर मी! गॅरेजवाला माझ्याखालून विचारतोय, "खुंट्या, काय झालं रे?" काय सांगू त्याला? रडू येत होतं मला.

म्हटलं जाऊ दे, पोर सुटली. आता आमच्या गल्लीचं, म्हणजे बायकोचं ताट उघडेल, ती तर काय, सुगरण! तर बायकोकडे बघतो, ही पांढरीफटक!

विहीणबाईंनी फडकं सोडलं, वडी उचलली, चावली. कट्ट! मैदानभर ऐकू आलं. वडी शाबूत. नावं ठेवायलासुद्धा कुणाचं तोंड उघडेना, दात अडकलेले! शेवटी विहीणबाई गालात वडी धरून म्हणतात, "विहीणबाई, आकार छान आलाय हो..."

घरी आलो, हिने दार लावलं आणि मग! "टाच उचललीत ना? मी पाहिलं! अहो, तुम्ही कधी हरत नाही म्हणून मी निर्धास्त होते! इतकी वर्षं माझं ताट बाहेर कुणी उघडलंय का?"

"अगं, पण लेकीचा पाक पुढे गेला होता, ती रडत आली..."

"जाणारच! प्रमाण तिला फोनवर मीच सांगितलं होतं!"

आता बोला! घरी परत येणारं हिचं ताट दरवर्षी मीच चघळत आलो, पण सुगरण सुगरण म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं! लेकीची अब्रू राखायला गेलो आणि बायकोची चव्हाट्यावर मांडून आलो. संध्याकाळी खालच्या गल्लीने हिचं ताट परत पाठवलं, चिठ्ठी नाही, काही नाही. त्याच्या मागोमाग मागच्या दाराने लेक आली, तिचं ताट पदराखाली. "बाबा, हे घरात सापडलं तर मेलेच मी. तुम्हीच संपवा." आणि बायको म्हणते, टाकायचं नाही, बदाम आहेत त्यात! म्हणून हा गाल सुजलाय माझा, बसलोय चघळत.

जिंकलो असतो, तर एकच ताट खावं लागलं असतं!