गार झालेली कोळंबी

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, आणि तिने आजारी पडण्याआधी सँडविचसाठी सोललेली कोळंबी फ्रीजरमध्येच राहिली. महिन्याभराने म्हातारा शिंपी पाव घ्यायला रांगेत उभा राहिला. पुढे एक जोडपं होतं.

"अहो, उकडलेली कोळंबी गार होईपर्यंत दम धरवत नाही का?"

"भूक लागली होती."

"गरम कोळंबीवर मेयोनीज ओतलंत. पाव पिळला असता तर वाटीभर पाणी निघालं असतं."

"मग तूच करत जा."

"मी करते तेव्हा बघत का नाही? मी माहेरी गेले की काय खाल?"

"येशील की परत."

"वहिनी, गार व्हायला किती वेळ लागतो?" शिंप्याने विचारलं.

"तासभर. बघा, हे काका विचारतात तरी."

त्याने पाव घेतला. कोळंबीचा डबा अजून फ्रीजरमध्येच आहे.