पाट्या माझ्या आणि हरवलोही मीच

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बाई, शिक्षकवर्ग, पालक बंधुभगिनी आणि मागच्या रांगेत आतापासूनच खुसखुसणाऱ्या बालमित्रांनो!

मी पेंटर. पाट्या रंगवतो. कुणाकडे शिकलो नाही. माझ्या वेलांटीचा बाक बघून लोक गुरूचं नाव विचारतात, मी आरशाकडे बोट दाखवतो! असो.

चौथी संपली आणि माझी लेक अडून बसली. "मोठ्या शाळेत जाणार नाही. हरवेन."

"अगं, तिथल्या दारादारावरची पाटी तुझ्या बापाने रंगवलीय!"

ढिम्म हलेना. शाळा सुटते की काय, या काळजीने बाईंकडे धावलो. त्या कसलंसं संशोधन वाचत होत्या.

"शाळा बदलताना मुलं अभ्यासाला घाबरतात, असं आपण समजतो," त्या म्हणाल्या. "हे वाचून मी आपल्या मुलांनाच विचारलं. धास्ती वेगळीच निघाली. वर्ग सापडेल का? डबा कुणाबरोबर खायचा?"

"मग?"

"मग शनिवारी पालकांनी मोठ्या शाळेत विद्यार्थी व्हायचं. मुलं शिक्षक."

मंडळी, पालकांना शाळेत बोलावतात ते कान उपटायला, हाच ना आपला अनुभव?

शनिवारी लेकीने हुकूम सोडला, "बाबा, पाणी पिऊन पाचवीच्या वर्गात या. पळायचं नाही!"

पाणी प्यायलो, वळलो आणि संपलंच! दारं सताड उघडी, त्यामुळे दारांवरच्या पाट्या भिंतीकडे तोंड करून उभ्या. विचारावं तर पेंटरचा मान आड येतो. शिरलो एका खोलीत.

"नवे शिपाई ना? ही बाकं उचला," आतले एक सर म्हणाले.

उचलली की हो!

शेवटी लेक शोधत आली. "हरवलात?"

"छे, काम बघत होतो."

"हात धरा."

मग मला ओढत, भेटेल त्याला सांगत सुटली, "माझे बाबा हरवले होते, मी शोधले!" घरी आल्यावर म्हणाली, "बाबा हरवतात, पण सापडतात. मग मीही सापडेन." सोमवारी दप्तर भरून ती माझ्याआधी दारात!

पुढे त्या पाट्या मी भिंतींवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला रंगवल्या. वेलांट्या जरूर बघून या.

बाई, मघाशी चहा घेताना तुम्ही हळूच म्हणालात, "सोमवारी सकाळी मी करू तरी काय?" नव्या जागी पहिल्या दिवशी ओळखीचं कुणी हवं, हे तुम्हीच शिकवलंत ना? सोमवारी शाळेला निघण्याआधी माझी लेक तुमच्या दारात हजर होईल. तुम्हाला फिरायला न्यायचं तिने ठरवलंय.

अध्यक्षांनी वेळ दिला, माइकवाल्यांनी आवाज दिला, दोघांचे आभार. बोलण्याच्या भरात कुठे रंग सांडला असेल तर पुसून घ्या, माफी असावी.

आणि बाई, लेकीचा निरोप आहे. पळायचं नाही!