मानपत्रातली चौथी ओळ

सन्माननीय अध्यक्ष कमळाकरशेठ भगत, व्यासपीठावरील शीडप्रशिक्षक काशिरामभाऊ तांडेल, शिडाच्या जहाजावर शिकून आलेली आपली पहिली तुकडी, त्यांचे पालक आणि पनवेलकर बंधुभगिनींनो,

आज पंधरा डिसेंबर २०१३, रविवार. सकाळी दुकान उघडले नाही. दहाला हॉलवर आलो, चहा घेतला, पहिल्या रांगेत बसलो. अकरा मुलांपैकी दहाजणांनी आपापले मानपत्र घेतले. अकरावे माझ्या मुलाचे, फहादचे. तो सप्टेंबरात तापाने गेला, म्हणून ते माझ्या हातात आहे. अध्यक्षांनी मला दोन मिनिटे दिली आहेत. एरवी मला तेवढीही लागत नाहीत, हे मोहल्ल्यातल्या मंडळींना ठाऊक आहे.

यातली चौथी ओळ अशी: 'डोलकाठीच्या टोकापर्यंत चढणारा धाडसी तरुण.' ती वाचली गेली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. ही ओळ खोटी आहे. समितीची चूक नाही. माहिती मी दिली होती.

फहाद चढला नव्हता. फेब्रुवारीत सफरीवरून आला, तेव्हाच त्याने घरात सांगितले. पहिल्या दिवशी अर्ध्यावर गेला, भ्याला, खाली उतरला. तो घरी आला त्याच संध्याकाळी पाहुणे आले. एकाने विचारले, काय अय्यूबभाई, पोरगा वर चढला की नुसता जेवून आला? मी म्हटले, चढला तर, सगळ्यात वर. मग सगळे त्यालाच विचारू लागले, वरून काय काय दिसते. तो पाणी आणतो म्हणून आत गेला, तो बाहेर आलाच नाही.

पाहुणे गेल्यावर म्हणाला, "अब्बा, मी खाली काम करत होतो. ते सांगण्यासारखं नाही का?"

मी म्हटले, "लोकांना काय सांगू? दोरी धरायला पाठवला होता?"

त्यानंतर जहाजाचा विषय त्याने घरात काढला नाही. मीही विचारले नाही. गेल्या महिन्यात समितीची माणसे आली, तेव्हा तर तो नव्हताही. तरी मी तेच सांगितले. बाप असे का करतो?

मघाशी काशिरामभाऊंनी मला बाजूला घेतले. त्यांच्या जहाजावर रीत आहे. ज्याला चढायचे नाही त्याने तसे सांगायचे. कारण कुणी विचारत नाही, त्याला खालचे काम मिळते. फहादकडे चढणाऱ्यांचे कमरेचे सुरक्षा-पट्टे तपासायचे काम होते. प्रत्येकाचा पट्टा तो दोनदा ओढून बघायचा, मगच त्याला वर सोडायचा. पोरे कंटाळायची, 'काय रे म्हाताऱ्या' म्हणायची. भाऊ म्हणाले, "तुमचा पोऱ्या वर नाय गेला. पन त्याचा हात लागल्याबिगर कोनी वर गेला नाय."

पंचवीस दिवस त्याने हे केले. मला ते आज, परक्या माणसाकडून कळले.

समितीचे, काशिरामभाऊंचे आणि आपण ऐकून घेतलेत त्याबद्दल आपले आभार. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर पोटात घाला. या ओळीची माफी मात्र तुमच्याकडे मागता येत नाही. ज्याच्याकडे मागायची, तो नाही.

आपण जेवायला पुढे व्हा. माझ्या खिशात पेन आहे. मी इथे बसून ती ओळ खोडतो, वर पट्ट्यांचे लिहितो आणि मग येतो.