एक ते तीन शांतता

— संगीतात वेनेदिक्त ल्वोविचची जागा कुठली, ते तुम्ही संगीत शिकणारे कॉन्झर्वेटरीवाले ठरवा गं — आमच्या या सामाईक स्वयंपाकघरात म्हणशील तर त्या खिडकीजवळच्या स्टुलावर, आणि तिथे बसूनही डोळ्यांदेखत दूध उतू जाऊ द्यायचा. सपाता घाल आधी, फरशी गार आहे. थोर पियानोवादक म्हणे. एवढाले पंजे, आणि काकडीच्या लोणच्याची बरणी उघडायला माझ्याकडे यायचा — ‘झिनाइदा प्रोखोरोव्ना, जरा बघता का?’ बघते की, बघायला मीच बसलेय ना इथे. मुरंबा घे चहाबरोबर. बावीस वर्षं भिंतीला भिंत, सकाळपासून तेच ते — तिसऱ्या पानावर डावा हात चुकायचा, तिथेच, रोज, मग स्वतःला गाढव म्हणायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. मला कशाला पाठ असेल? भिंत पातळ आहे म्हणून.

काय छापलंय तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत? वाच. ‘वेनेदिक्त ल्वोविच यांची अखेरची रचना मधेच तुटते, आणि खर्जात तीन आघात — मृत्यू दार ठोठावतो.’ मृत्यू? अगं, ही पळी. ही टांगलीय ती, सुपाची. दुपारचा एक वाजला की मी या गरम पाण्याच्या पाइपावर तीनदा ठोकायचे — एक ते तीन शांतता, सगळ्या इमारतीचा नियम, माझा नातू झोपायचा — आणि हा आगाऊ माणूस खर्जात तीन सूर वाजवून उलट उत्तर द्यायचा, मग पियानोचं झाकण बंद. तेच कागदावर उतरवलंन मेल्यानं. नातू? तो आता मुर्मान्स्कला असतो, जहाजावर. बारा वर्षं झाली. हो, तरी ठोकायचे. नियम तो नियम. मार्चात एकदा सकाळपासून वाजवलंच नाही त्यानं — तरी ठोकलं. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. मग किल्ली घेऊन गेले — होती माझ्याकडे, शेजाऱ्याची किल्ली असतेच — टेबलावर बरणी, मीच आदल्या दिवशी झाकण सैल करून दिलेली…

मुरंबा घे म्हटलं ना. आणि तोंड का पडलं तुझं? काय, पळीचं कळलं तर रचना कार्यक्रमातून काढून टाकतील? म्हणजे मृत्यू असेल तर मोठं सभागृह, आणि शेजारणीची पळी असेल तर नाही? वा रे तुमचे विद्वान. … बावीस वर्षं तो एकच तुकडा घासत होता गं. … बरं. पळीचं लिहून घेतलंस ना, खोड ते. खोड म्हणते ना. लिही, मृत्यूच होता. झिनाइदा प्रोखोरोव्ना साक्षीला आहे, सही कुठे करायची सांग.

झालं? मग ऊठ आता, एक वाजतोय. नाही, काही बोलू नकोस. एक ते तीन शांतता.