गाडी थांबली होती

मुलगी : दहापैकी साडेतीन.

आई : काल चार होते.

मुलगी : काल अर्धंच पान लिहिलं होतंस. आज दोन पानं लिहिलीस, त्यामुळे चुकायला जागा जास्त मिळाली.

आई : मग कोराच कागद देते. पैकीच्या पैकी दे.

मुलगी : आई, हसण्यावारी नेऊ नकोस. प्रश्न काय आहे, वाच.

आई : 'गोष्टीतला म्हातारा लिफ्टवाला माणूसघाणा आहे, हे मत तुम्हाला पटते का? विश्लेषण करा.' हे असं इंग्रजीत विचारलंय. एवढं कळतं मला.

मुलगी : आणि उत्तर काय लिहिलंस? म्हातारा पहिल्या मजल्यावर गेला, तिथे एक बाई चढली. मग दुसऱ्या मजल्यावर गेला, तिथे दोन माणसं चढली. मग तिसऱ्या...

आई : तसंच आहे गोष्टीत. मी एकही मजला गाळला नाही.

मुलगी : तेच तर. सोळा वर्षं बसमध्ये कंडक्टर आहेस ना, त्याचा हा परिणाम. गोष्ट हातात दिली की पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत पुकारत सुटतेस. तपासणाऱ्याने गोष्ट वाचलेली असते गं. त्याला सगळे थांबे नकोत. तुला काय वाटतं आणि ते का वाटतं, एवढंच हवंय.

आई : काय वाटतं ते लिहिलंय की शेवटी.

मुलगी : शेवटी लिहिलंयस, 'आपण वृद्धांचा मान राखला पाहिजे.'

आई : मग, राखू नये?

मुलगी : राख ना. पण ती पाटी बसमध्ये सीटच्या वर लाव. निबंधात नको.

आई : बरं, मास्तरीणबाई. चहा टाकू?

मुलगी : चहा नंतर. परवा पेपर आहे. गेल्या वर्षी तू तीन मार्कांनी गेलीस, आणि हा एक निबंध दहा मार्कांचा असतो. हा जमला तर बारावी झालीच तुझी. मग बढती मिळून तिकीट तपासनीस झालीस की दिवसभर उभं राहून पाय सुजवून घ्यायला नकोत.

आई : माहितीये. ऐकून ऐकून पाठ झालंय.

(दाराची बेल एकदाच वाजते.)

आई : एक घंटी म्हणजे थांबा. उघड, आमचे ड्रायव्हर असणार.

ड्रायव्हरकाका : बाई, डबा गाडीतच विसरलात. काय गं पोरी, शिकवणी चालू आहे वाटतं?

मुलगी : या काका, बसा. विद्यार्थिनी ऐकत नाही.

ड्रायव्हरकाका : ती घंटीशिवाय कोणाचं ऐकत नाही. बाई, आणखी एक काम होतं. परवाची रजा रद्द करायचा तुमचा अर्ज माझ्या खिशातच आहे. टाइमकीपरकडे द्यायचं म्हणालात, पण माझं मन काही होईना. म्हटलं, एकदा विचारून घ्यावं.

मुलगी : परवाची रजा? परवा तर पेपर आहे.

आई : दादा, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ड्रायव्हरकाका : मला वाटलं, घरात माहीत असेल.

मुलगी : नव्हतं माहीत. मी रोज कॉलेज सुटलं की धावत येते, हिचे पेपर तपासते, आणि ही परवा ड्युटीवर जायचं ठरवून बसलीये. मग आज ही दोन पानं कशाला लिहिलीस?

आई : तू इतकी मन लावून शिकवतेस. तुला नाही म्हणवेना.

मुलगी : हे बरंय.

आई : रागावू नकोस. भीती वाटते गं मला. अठरा वर्षांची असताना याच इंग्रजीने पाडलं, तेव्हा घरात चार भिंतींच्या आत रडून घेतलं. गेल्या वर्षी पडले तर अख्ख्या डेपोत झालं. रोजचे प्रवासीसुद्धा विचारायचे, 'काय बाई, झालात का पास?' तिकीट देऊ की तोंड लपवू, असं झालं होतं. पुन्हा नको ते. मला नाही येत असलं लिहायला.

ड्रायव्हरकाका : काय नाही येत?

आई : लिहायला. मत मांडा, पटवून द्या, असलं काही.

ड्रायव्हरकाका : तुम्हाला? थांबा. पोरी, माझं हे पाकीट बघ. लायसन्सच्या मागे घडी घातलेला कागद आहे, तो काढ.

आई : दादा, तो कागद अजून आहे?

ड्रायव्हरकाका : झेरॉक्स आहे. त्या कागदाने माझी नोकरी वाचली. तो टाकून देऊ होय? वाच गं मोठ्याने.

मुलगी : 'ड्रायव्हरने शाळेच्या थांब्यावर गाडी थांबवली नाही, ही तक्रार बरोबर नाही. गाडी थांबली होती. त्या थांब्यावरून चढलेल्या दोन प्रवाशांना मी आठ वाजून दहा मिनिटांनी तिकिटे दिली. तिकिटांवर थांब्याचे नाव छापलेले आहे.' आई, हे तू लिहिलंस?

आई : रिपोर्ट आहे तो. द्यावाच लागतो.

मुलगी : 'कोणी म्हणेल, कंडक्टरने मशीनवर चुकीचा थांबा दाबला असेल. परंतु चढणाऱ्यांपैकी एका आजींना वेळ लागला, म्हणून पुढच्या थांब्यावर गाडी दोन मिनिटे उशिरा पोचली. तशी नोंद कंट्रोलरच्या वहीत आहे. न थांबलेली गाडी उशिरा कशी पोचेल?'

ड्रायव्हरकाका : इथे साहेब हसले होते. पुढे वाच.

मुलगी : 'तक्रारदार खोटे बोलतात, असे माझे म्हणणे नाही. ते कोपऱ्यावर आले तेव्हा गाडी निघाली होती. त्यांना निघालेली गाडी दिसली, थांबलेली दिसली नाही.'

ड्रायव्हरकाका : कितीदा वाचलं तरी बरं वाटतं.

मुलगी : आई, हे लिहायला किती वेळ लागला तुला?

आई : वीसेक मिनिटं. डेपोतल्या बाकावर बसून लिहिलं. साहेब वाट बघत होते.

मुलगी : यात सगळे थांबे का नाही पुकारलेस?

आई : कशाला पुकारू? साहेबांना रूट माहीत असतो.

मुलगी : तपासणाऱ्यालाही माहीत असतो, आई.

आई : अगं बाई.

मुलगी : साडेनऊ देते मी याला. ते कोपऱ्याचं तेवढं विनातिकीट आहे. तक्रारदार कोपऱ्यावर होते, हे तुला कसं कळलं ते लिहिलं नाहीस. त्याचा अर्धा गेला.

आई : मागच्या काचेतून बघितलं होतं मी.

मुलगी : मग ते लिहायचं. आता ऐक. त्या लिफ्टवाल्या म्हाताऱ्यावर तक्रार आली आहे, की तो माणूसघाणा आहे. साहेब वाट बघतायत. दे रिपोर्ट.

आई : तक्रार बरोबर नाही.

मुलगी : तिकीट दाखव.

आई : कोणी धावत आलं की तो पाय मध्ये घालून दार धरतो.

मुलगी : म्हणून काय झालं? नोकरीच आहे त्याची.

आई : नोकरी बटण दाबायची आहे. पाय घालायची नाही. आणि तो पाय दुखरा आहे त्याचा. चौथ्या पानावर आहे, थांब दाखवते. हे बघ. चांगला पाय असताना दुखरा का घालतो? कारण तोच दाराच्या बाजूला असतो. पाय बदलायला वेळ लागला तर आत येणारा माणूस राहील. ज्याला माणसं नकोशी असतात, त्याला एवढी घाई कशाला?

ड्रायव्हरकाका : वा.

मुलगी : काका, तुम्ही मध्ये बोलू नका. कोणी म्हणेल, तो एका शब्दानेही कोणाशी बोलत नाही.

आई : बोलत नाही, खरंय. पण मजलाही विचारत नाही कोणाला. सगळ्यांचे मजले त्याला पाठ आहेत. माझ्या गाडीत शंभर माणसं चढतात. त्यातली कोण कुठे उतरणार हे मी न विचारता सांगते, ती कोण असतात? ज्यांच्याकडे मी रोज नीट बघते ती. न बघता माणूस पाठ होत नाही.

मुलगी : हं.

आई : चुकलं का?

मुलगी : नाही. मी बारावीला हाच प्रश्न सोडवला होता.

आई : तू काय लिहिलं होतंस?

मुलगी : माणूसघाणा आहे, असं. गाइडात होतं तसं. मला आठ मिळाले. ते मजल्यांचं माझ्या ध्यानातच आलं नाही कधी.

आई : तुला तरी कसं येणार? तू चढणारी. मी दारातली.

मुलगी : आई, हेच लिही. असंच.

आई : पण इंग्रजीत?

मुलगी : बारकी वाक्यं कर. रिपोर्टात तरी कुठे लांबलचक आहेत? दोन-चार चुका होतील, होऊ देत.

ड्रायव्हरकाका : आणि बाई, या अर्जाचं काय करू? फाडू?

आई : द्या इकडे. तिकीट फाडायचं काम माझं आहे.

मुलगी : बारीक फाड. पुन्हा चिकटवता येणार नाही असा.

आई : झालं? आता टाकते चहा. दादा, तुम्हाला साखर कमी ना?

ड्रायव्हरकाका : आज भरपूर चालेल. पेपर किती वाजता आहे परवा?

मुलगी : साडेदहाला.

ड्रायव्हरकाका : मग नऊ पाचची माझी गाडी गाठा. माझ्या मागची सीट. परवा तुम्ही उभं राहायचं नाही, घंटी वाजवायची नाही, कोणाला पुढे सरका म्हणायचं नाही.

आई : आणि उशीर झाला तर?

ड्रायव्हरकाका : थांबेन मी. दोन मिनिटं, पाच मिनिटं.

आई : हे नियमात बसत नाही, दादा.

ड्रायव्हरकाका : मग लिहा माझ्यावर रिपोर्ट.

आई : लिहीन. इंग्रजीत.