शेजारणीला विचारा

अगं पोरींनो, एमाबाईचं तुम्हाला कधी सांगितलंच नाही का मी? चाकणच्या शाळेत मी मास्तरीण होते, तेव्हा मुलांना देवी टोचायच्या कामात मदत करायला ही परदेशी मुलगी आली होती. माझ्या शेजारच्याच खोलीत राहायची. मराठी मोडकंतोडकं, पण कामाला वाघ. पहिल्याच दिवशी वही उघडून तिनं पोराला टोचायला घेऊन आलेल्या गावातल्या ठकूला विचारलं, "मुलाच्या वडिलांचं नाव?"

ठकूनं लाजून तोंडाला पदर लावला. नावाशिवाय टोचायचं नाही, असा वरचा हुकूम. एमाबाई वैतागली. "चार मुलं झाली आणि नाव माहीत नाही?"

मी म्हटलं, "माहीत आहे हो. पण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. शेजारणीला विचारा."

मग सगळी वही शेजारणींनीच भरून दिली.

दोन महिन्यांनी एमाबाईला पत्र आलं. ठकूनं विचारलं, "कुणाचं हाय?"

"ज्यांच्याशी माझं लग्न ठरलंय, त्यांचं."

"व्हय? नाव काय त्यांचं?"

एमाबाईनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग लाल होऊन पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "शेजारणीला विचारा."

मला ते नाव काही धड वाचता येईना. पण ऐकायला थांबलं होतं कोण? ठकूनं एमाबाईच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटंसुद्धा मोडली होती.